उसवायचं, परत शिवायचं : लुईझ बुर्ज्वाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका मोठ्या धातूच्या कोळ्याचा फोटो छापला होता आणि खाली दोनच ओळी होत्या, शिल्पकार लुईझ बुर्ज्वा, शिल्पाचं नाव 'मामाँ', म्हणजे फ्रेंचमध्ये 'आई'. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर तिच्याचसाठी ठेवलंय. मी स्वतः शिल्पकला शिकवते, आणि खरं सांगायचं तर गेली वीसेक वर्षं मी या बाईच्या कामाकडे परत परत जातेय, त्यामुळे उत्तरं थोडी लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न (साताऱ्याहून एक वाचक ताई) : कोळ्याला आई कसं म्हणवतं हो? आमच्याकडे कोळी दिसला की पहिला झाडू आणतात. फोटो बघून माझी मुलगी घाबरली आणि मला नाव वाचून रागच आला. काय सांगायचंय तिला?

ताई, मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं, आणि आपल्याकडे तर 'कोळी' हा शब्दच पुल्लिंगी, त्यामुळे आई म्हटल्यावर अजूनच अडखळायला होतं. पण लुईझची आई काय काम करायची ते कळलं की तो कोळी वेगळा दिसायला लागतो.

लुईझचा जन्म 25 डिसेंबर 1911 चा, पॅरिसमधला. घरचा धंदा जुन्या टॅपेस्ट्रींचा, म्हणजे भिंतीवर लावायचे ते मोठाले विणलेले पडदे, ज्यात राजे, घोडे, जंगलं, देवदूत असं सगळं विणलेलं असतं. वडील ते विकायचे, पॅरिसला दुकान होतं, आणि आई जोसेफीन ते दुरुस्त करायची. शहराबाहेर आंतोनी नावाच्या गावी बिएव्र नदीच्या काठी त्यांचं घर आणि वर्कशॉप होतं, नदीच्या पाण्यात टॅनिन असायचं म्हणून लोकर धुवायला रंगवायला ते पाणी चांगलं. आता हे जुने पडदे सगळ्यात आधी खालच्या बाजूने झिजतात, म्हणजे माणसांचे आणि घोड्यांचे पाय गेलेले असायचे, आणि विणणाऱ्या बायकांना तिथे काय भरायचं हे कळावं म्हणून कोणीतरी ते पाय आधी रेखाटून द्यावे लागायचे. ते काम लहानग्या लुईझकडे आलं. ही तिची पहिली चित्रकला, दुसऱ्यांच्या चित्रांतले गेलेले पाय काढून देणं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पुढे आयुष्यभर ती शरीराचे सुटे तुकडेच करत राहिली आणि त्याची सुरुवात अशी दुरुस्तीतून झालीय.

आई दिवसभर दोरा घेऊन बसलेली, तुटलेलं जोडणारी, शांत, हुशार, चिवट. लुईझ स्वतःच सांगायची की आई कोळ्यासारखी होती, जाळं फाटलं की चिडत बसत नाही, परत विणायला घेते. आणि कोळी डास खातो, म्हणजे घर राखतो, हेही ती सांगायची. ही आई 1932 मध्ये गेली तेव्हा लुईझ वीस वर्षांची होती आणि पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात गणित शिकत होती, आई गेल्यावर ती गणित सोडून कलेकडे वळली. आणि 'मामाँ' केलं 1999 मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी! 2000 साली लंडनला टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झालं तेव्हा तिथल्या टर्बाइन हॉलमध्ये ते उभं होतं, उंची नऊ मीटरच्या वर. आपल्या तीन मजली बिल्डिंगएवढं धरा.

टोकियोला रोप्पोंगी हिल्समध्ये त्याची एक ब्रॉन्झची प्रत आहे, तिच्याखाली मी उभी राहिलेय. लांबून भीती वाटते हे खरंच, पण आत शिरून वर बघितलं की पोटाशी जाळीची पिशवी दिसते आणि तिच्यात मार्बलची अंडी. पाय इतके बारीक की एवढं मोठं धूड त्यांच्यावर कसं पेलतंय असं वाटतं. आणि मग लक्षात येतं की आपण त्या पायांच्या आत आहोत, बाहेर नाही. मुलीला ती अंडी दाखवा, फोटोत जरा झूम करून, बघा तिची भीती जाते का.

प्रश्न (पुण्याहून एक निवृत्त काका) : मी वाचलं की या बाईंनी सत्तरी उलटल्यावरही वडिलांबद्दल तक्रारी केल्या आणि वडिलांना मारून खाल्ल्याचं शिल्प केलं. गेलेल्या माणसाबद्दल असं करणं मला पटत नाही. आपल्याकडे गेलेल्याचं वाईट बोलत नाहीत.

काका, तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. आधी घडलं काय ते सांगते. मुलांना इंग्लिश शिकवायला घरात सेडी नावाची एक इंग्लिश बाई ठेवली होती, ती वडिलांची प्रेयसीही झाली आणि सुमारे दहा वर्षं त्याच घरात राहिली, आईला सगळं माहीत होतं आणि आई गप्प होती. लुईझने हे उघडपणे सांगितलं 1982 मध्ये, न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये तिचं मोठं प्रदर्शन भरलं त्या सुमाराला, एका कलामासिकात. म्हणजे मनात किती वर्षं ठेवलं ते बघा.

तुम्ही म्हणता ते शिल्प 1974 चं, 'द डिस्ट्रक्शन ऑफ द फादर'. गुहेसारखी जागा, लाल उजेड, मध्ये टेबलासारखं नाहीतर पलंगासारखं काहीतरी आणि त्यावर मांसाचे तुकडे, प्लास्टर आणि लॅटेक्समध्ये, खरं मटण आणून त्याचे साचे घेऊन केलेले. जेवणाच्या टेबलावर रोज बढाया मारणाऱ्या बापाला बायको-पोरांनी एकदा ओढून टेबलावर घेतलं अशी ती कल्पना. वाचायलाही जड जातं, मान्य. पण काका, ते केलं तेव्हा वडील जाऊन तेवीस वर्षं झाली होती, ते 1951 ला गेले, आणि त्या धक्क्याने ती इतकी खचली की 1952 पासून मनोविश्लेषणाच्या उपचारांना जायला लागली आणि 1953 नंतर थेट 1964 पर्यंत न्यूयॉर्कमध्ये तिचं एकही एकल प्रदर्शन झालं नाही. ज्याचं काही वाटत नाही त्याच्यासाठी माणूस असं मोडत नाही हो. तिचं वडिलांवर प्रेम होतं आणि रागही होता आणि दोन्ही एकाच जागी होते, मला तरी त्या शिल्पात हे दोन्ही दिसतं.

एक मात्र सांगते, त्या सेडीच्या गोष्टीनंतर लोकांनी तिची प्रत्येक कलाकृती त्याच खुंटीला टांगली, आणि ते मला चुकीचं वाटतं. बाईने सत्तर वर्षं काम केलं, ते सगळं एका मास्तरणीमुळे कसं असेल? खालच्या उत्तरांत वेगळ्या आठवणी आहेत बघा.

प्रश्न (नागपूरहून, कला महाविद्यालयातली विद्यार्थिनी) : मॅडम, आमचे सर म्हणतात आधी पूर्ण फिगर नीट करायला शिक मग तुकडे कर. पण मला हातच करायचे असतात, नुसते हात. लुईझ बुर्ज्वाचे तुकडे चालतात मग माझे का नाही? आणि तिच्या कामात लैंगिक अवयव इतके का आहेत, घरी दाखवता येत नाही, आई विचारते हे काय शिकवतात तुम्हाला.

अगं, तुझे सर चूक नाहीत. लुईझने पॅरिसमध्ये मॉडेल समोर ठेवून रीतसर शिक्षण घेतलेलं, फर्नांद लेजेसारख्या चित्रकाराकडे शिकली, तूच शिल्पकार आहेस हे तिला सांगणारा तोच. आणि पुढे 1967 पासून ती इटलीत पिएत्रासांताला मार्बलमध्ये काम करायला जायची, मार्बलमध्ये हात काढायचा तर मनगटातली हाडं कुठे वळतात हे ठाऊक असल्याशिवाय छिन्नी चालत नाही. तेव्हा फिगर शिक. पण हात करणं बंद करू नकोस, रोज एक कर, शाडूत कर, मोड, परत कर.

तुकडे का, तर दुखणं सगळ्या अंगाला एकदम होत नाही ना. राग आला की मुठी वळतात, भीती पोटात येते. तिचं 1991 चं एक शिल्प आहे, 'सेल टू', जुनी दारं लावून केलेली खोली आणि आत आरशावर शालिमार अत्तराच्या रिकाम्या बाटल्या आणि मार्बलचे एकमेकांत गच्च धरलेले हात. पूर्ण बाई नाही. पण ते हात बघून ती बाई कशी बसली असेल, खांदे कसे आवळले असतील, हे सगळं आपल्या अंगात येतं. अत्तर पॅरिसचं, नाव मुघलांच्या बागेचं, आणि बाटल्या न्यूयॉर्कमधल्या शिल्पात, हाही एक प्रवासच आहे, असो. या 'सेल' नावाच्या खोल्या तिने साठेक केल्या. इंग्लिशमध्ये सेल म्हणजे तुरुंगातली कोठडी आणि शरीरातली पेशीही. तू नागपूरची म्हणून सांगते, आपल्याकडे 'पेशी' कोर्टातही असते, त्यामुळे मला तर वाटतं मराठी माणसाला हे पटकन कळेल, शरीरातही पेशी आणि न्यायालयातही पेशी, आणि त्या खोल्यांमध्ये दोन्ही चाललेलं असतं.

आता लैंगिक अवयवांचं. एक गोष्ट लुईझनेच सांगितलेली आहे. त्या जुन्या टॅपेस्ट्रींमध्ये नागडे बाळदेवदूत असायचे, आणि काही अमेरिकन गिऱ्हाइकांना ते चालायचं नाही, मग तिची आई तेवढा भाग कापून काढायची आणि तिथे फूल विणून द्यायची. आणि कापलेले तुकडे जपून ठेवायची. आता मला सांग, जी मुलगी हे बघत मोठी झाली तिला शरीरातलं काय झाकतात, कोण झाकायला सांगतं, आणि कापलेल्याचं पुढे काय होतं, हे प्रश्न पडणारच ना. ती शिल्पं चाळवायला केलेली नाहीत, त्यातली बरीच बाई आणि पुरुष दोन्ही वाटतात, कठीण असून केविलवाणी दिसतात.

आईला मात्र त्याऐवजी 'आर्च ऑफ हिस्टीरिया' दाखव, 1993 चं. चकचकीत ब्रॉन्झचं एक शरीर, डोकं नाही, कमरेतून मागे कमानीसारखं वाकलेलं, वरून टांगलेलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर हॉस्पिटलात डॉक्टर शार्को हिस्टीरियाच्या पेशंट बायकांना लोकांसमोर आणून हीच वाकलेली पोझ दाखवायचा. लुईझने ती कमान केली पुरुषाच्या शरीरावर, तिचा सहायक जेरी गोरोवॉय याच्या अंगाचा साचा घेऊन. काही बोलायची गरजच ठेवली नाही. बायकांच्या 'अंगात येण्याबद्दल' आपल्याकडे जे बोललं जातं ते तुझ्या आईला माहीत असणारच, तिच्याशी त्यावर बोल.

प्रश्न (ठाण्याहून) : ती नक्की कुठली? फ्रेंच की अमेरिकन?

छोटा प्रश्न आहे पण सोपा नाही. 1938 मध्ये रॉबर्ट गोल्डवॉटर या अमेरिकन कलाइतिहासकाराशी लग्न करून ती न्यूयॉर्कला गेली आणि 31 मे 2010 ला तिथेच वारली, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन. 1993 च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे जिथे देशोदेशींचे कलाकार आपापल्या देशातर्फे काम मांडतात त्या इटलीतल्या मोठ्या प्रदर्शनात, ती अमेरिकेची प्रतिनिधी होती. पण डायऱ्या फ्रेंच आणि इंग्लिश अशा मिसळून, एका वाक्यात सुरुवात एका भाषेत आणि शेवट दुसऱ्या. 1994-95 मध्ये झोप यायची नाही म्हणून रात्री काढलेली 220 रेखाटनं आहेत, त्यांच्यावरही दोन्ही भाषांत खरडलेलं. आणि तिचे ब्रॉन्झचे हात आहेत, एकमेकांत गुंतलेले, नाव 'द वेलकमिंग हँड्स', 1996 चे, ते केले न्यूयॉर्कच्या बंदराकाठच्या बागेसाठी, जिथून पूर्वी स्थलांतरितांची जहाजं यायची ते पाणी दिसतं. आज ते हात पॅरिसमध्ये त्विलरी बागेत आहेत. तिच्यासारखेच, दोन्हीकडचे.

प्रश्न (न्यूजर्सीहून एक वाचक) : मी इथे बावीस वर्षं आहे. आई चार वर्षांपूर्वी गेली, मी विमानात असतानाच गेली. तिच्या अकरा साड्या मी घेऊन आले, त्या सूटकेसमध्येच आहेत. नेसत नाही, देऊन टाकवत नाहीत, उघडली की वास येतो म्हणून उघडतही नाही. मी वाचलं की तुमच्या अंकातल्या या शिल्पकार बाईंनी जुने कपडे वापरून काम केलं. ते कसं केलं ते सांगाल का? मी काही कलाकार नाही, मला फक्त हेम घालता येतं.

तुमचा ईमेल मी तीन वेळा वाचला. हे सदरच खरं तर तुमच्यामुळे लिहायला घेतलं, तुमचा प्रश्न शेवटी ठेवला कारण त्याला जागा हवी होती.

लुईझ न्यूयॉर्कला आली आणि दोन वर्षांत, 1940 ला, जर्मनांनी फ्रान्स घेतला. मागे वडील, भाऊ, बहीण, सगळी माणसं. पदरात तीन लहान मुलं. तेव्हा त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन ती लाकडाचे खांब कोरायला लागली, माणसाएवढे उंच, खाली निमुळते होत गेलेले, त्यांना 'पर्सोनाज' म्हणतात, ऐंशीच्या आसपास केले. ती म्हणायची की ही मागे राहिलेली माणसं आहेत. 1949 आणि 1950 ला न्यूयॉर्कच्या पेरिडो गॅलरीत ते मांडले तेव्हा चौथरा वगैरे काही दिला नाही, सरळ जमिनीत बसवले, दोघं इथे, एक तिकडे एकटा, जणू घरी पाहुणे जमलेत आणि आपण त्यांच्यातून वाट काढत चाललोय. ते खांब स्वतःच्या पायावर उभे राहूच शकत नाहीत, इतके खाली टोकदार आहेत, जमिनीत रोवावेच लागतात. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे मी काय समजावून सांगणार, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळेल.

पण कपड्यांकडे ती खूप उशिरा आली. ती काही टाकायची नाही, तिचे स्वतःचे आणि आईचे जुने कपडे कपाटांत तसेच होते, आणि 1996 च्या सुमाराला, ऐंशी उलटल्यावर, तिने ती कपाटं रिकामी करायला काढली. आधी तिने काही कापलं नाही, नुसतं टांगलं. त्याच वर्षीच्या एका शिल्पात गुरांच्या हाडांचे हँगर आहेत आणि त्यांवर पेटिकोट, ब्लाउज, तलम झगे लोंबतायत. बाई गेलीय आणि तिचा आकार कपड्यात राहिलाय, तेवढंच दिसतं. मग हळूहळू कापायला लागली, शिवायला लागली, टॉवेलच्या कापडाची डोकी, गुलाबी कापडाची भरलेली माणसं, आणि टाके मुद्दाम दिसतील असे, ओबडधोबड, जखम शिवल्यासारखे. सुईबद्दल तिचं म्हणणं होतं की सुई झालेलं नुकसान भरून काढते, क्षमा मागते, टाचणीसारखी ती बोचत नाही.

आणि आठवणींबद्दल तिने जे सांगून ठेवलंय ते तुम्हाला मुद्दाम सांगते. तुम्ही आठवणीकडे जाताय का आठवण तुमच्याकडे येतेय, हे आधी ओळखा असं ती म्हणायची. आपण उठून जुन्यात जाऊन बसलो तर तो वेळ वाया, पण आठवण आपणहून दारात आली तर ते शिल्पाचं बी. तुमच्या सूटकेसचा वास हा तुमच्याकडे आलाय असं मला वाटतं, तुम्ही त्याला चार वर्षं दाराबाहेर उभं केलंय.

2002 मध्ये, नव्वदीत, तिने एक कापडाचं पुस्तक केलं, 'ओद आ लूब्ली', म्हणजे विस्मरणाला वाहिलेलं गाणं. पानं कशाची, तर तिच्या लग्नातल्या टॉवेलांची, आपल्याकडे रुखवतात मांडतात तसे नव्या संसारासाठी दिलेले, कडेला नावाची आद्याक्षरं भरलेली. प्रत्येक पानावर जुन्या कपड्यांचे तुकडे, काही ठिकाणी गोल, काही ठिकाणी जाळ्यासारखे, काही नुसत्या पट्ट्या. एका पानावर शब्द आहेत, त्यांचा अर्थ असा की कधी घडलंच नाही अशा गोष्टीची मला अचानक आठवण आली. मला हे वाचून खूप सुटल्यासारखं वाटलं होतं. आईची प्रत्येक आठवण बरोबरच असली पाहिजे असं ओझं आपण घेऊन बसतो, ते नको. आणि ती पानं काज्यांतून बांधलेली आहेत, सोडवून सुटी करता येतात. तिच्या कामात हे सतत आहे, टेटमध्ये मामाँबरोबर तिने तीन मोठे मनोरे उभे केले होते त्यांची नावंच होती आय डू, आय अनडू, आय रीडू. करते, उसवते, परत करते.

तुम्ही म्हणता फक्त हेम घालता येतं. माझ्या आजीलाही धावदोऱ्याशिवाय काही येत नव्हतं आणि तिने घरातल्या सगळ्यांच्या गोधड्या केल्या, आजोबांचं धोतर वर, मावशीचं लुगडं खाली, मध्ये कोणाकोणाचे सदरे. ती गोधडी अंगावर घेतली की कोण कुठे आहे हे आम्हा पोरांना अंधारात हाताने कळायचं. त्यामुळे लुईझचं पुस्तक पाहिलं तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. फरक एवढाच की गोधडीत आपण सगळ्यांना एकत्र शिवतो आणि ती एकेका पानावर एकेकाला वेगळं बसवते.

अकराच्या अकरा साड्या काढू नका. एकच काढा, जी सगळ्यात कमी जड वाटते ती. दोन दिवस खुर्चीवर नुसती टाकून ठेवा, घरातली माणसं येता जाता बघू देत, वास जाऊ दे थोडा. गेला तर जाऊ दे, उरलेल्या दहांत आहेच तो. मग काठ सोडून मधला वीतभर चौकोन कापा, पहिली कात्री लावताना हात थांबेल, तेव्हा घाई करू नका, त्या दिवशी नाही झालं तर दुसऱ्या दिवशी. तो चौकोन तुमच्या स्वतःच्या एखाद्या जुन्या कपड्यावर ठेवून, तिथे अमेरिकेत घेतलेल्या, रोज वापरून विटलेल्या कपड्यावर, चारी बाजूंनी हेम घाला. एवढंच. एक पान झालं. नीट दिसलं नाही तर उसवा.

आणि फॉल काढताना जपून काढा. जुन्या साड्यांना बहुतेक बायका फॉल घरीच हाताने लावायच्या, तुमच्या आईनेही लावला असेल तर तो दोरा तिने ओवलेला आहे, टाका तिच्या हाताचा आहे. तो दोरा तोडू नका, हळूहळू ओढून काढा, कागदाला गुंडाळून ठेवा. जुना असला तरी वीतभर हेमेला पुरेल.